लॅपटॉपमध्ये दुसरी एसएसडी बसवताना: कामाचा क्रम आणि नेहमीच्या चुका

लॅपटॉपमधली जागा संपत आली की बहुतेक जण आधी एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान ड्राइव्ह, विकत आणतात आणि ती बसते कुठे, याचा शोध नंतर घेतात. मग कुणाच्या लॅपटॉपमध्ये दुसरा स्लॉटच नसतो, कुणाचा स्लॉट साटाचा आणि आणलेली ड्राइव्ह एनव्हीएमईची असते (ड्राइव्ह जोडण्याच्या या दोन वेगळ्या पद्धती आहेत), तर कुणी सर्व काही नीट बसवूनही विंडोजमध्ये ड्राइव्ह दिसत नाही म्हणून ती खराब ठरवून परत करतो. या कामाला हाताचे फार मोठे कसब लागत नाही. बिघडते ते क्रम चुकल्यामुळे. म्हणूनच पुढील टप्प्यांत खरेदीचा क्रमांक चौथा आहे.

विंडोज १० किंवा ११ असलेल्या लॅपटॉपमध्ये जुनी ड्राइव्ह जागेवर ठेवून तिच्या जोडीला दुसरी बसवायची आहे, असे येथे गृहीत धरले आहे.

## टप्पा १: अडचण जागेची आहे की वेगाची, ते ठरवा

टास्क मॅनेजरमधील परफॉर्मन्स या भागात प्रत्येक डिस्कच्या नावाखाली ती एचडीडी आहे की एसएसडी, हे लिहिलेले असते. विंडोज हार्ड डिस्कवर असेल आणि तक्रार लॅपटॉप सुरू व्हायला वेळ लागतो अशी असेल, तर नुसती दुसरी एसएसडी बसवून त्यावर फोटो आणि कागदपत्रे ठेवल्याने काहीही फरक पडणार नाही, कारण विंडोज जुन्याच डिस्कवरून चालत राहील. अशा वेळी विंडोजही नव्या ड्राइव्हवर न्यावी लागते. त्याचा भाग शेवटी स्वतंत्र दिला आहे. तक्रार केवळ जागेची असेल, तर पुढचे टप्पे क्रमाने करावेत.

## टप्पा २: आत जागा कोणती आणि किती, ते शोधा

सर्वाधिक चुका या टप्प्यावर होतात, म्हणून येथे घाई करू नये. ‘इन्स्पिरॉन १५’ किंवा ‘आयडियापॅड स्लिम ३’ एवढे नाव पुरेसे नसते, कारण एकाच नावाखाली निरनिराळ्या मदरबोर्डांचे लॅपटॉप विकले जातात. लॅपटॉप उलटा करून खालच्या लेबलवरचा संपूर्ण मॉडेल क्रमांक, डेलचा असल्यास सर्व्हिस टॅग, लेनोवोचा असल्यास अनुक्रमांक टिपून घ्यावा. एचपी, डेल आणि लेनोवो या कंपन्या आपल्या संकेतस्थळांवर सर्व्हिस मॅन्युअल विनामूल्य देतात. त्यातील स्टोरेजचे पान आणि खालचे झाकण काढण्याचे पान ही दोन्ही पाने मोबाइलमध्ये जतन करून ठेवावीत, कारण काम सुरू झाल्यावर लॅपटॉप बंद असेल.

त्या पानांवरून पुढील गोष्टींची उत्तरे मिळाली पाहिजेत.

स्लॉट रिकामा आहे का? काही मदरबोर्डांवर दुसऱ्या एम.२ स्लॉटची (लहान पट्टीसारखी ड्राइव्ह बसते त्या खाचेची) छापील जागा असते, पण स्वस्त मॉडेलमध्ये तिथे कनेक्टर सोल्डरच केलेला नसतो. काही लॅपटॉपमध्ये अडीच इंची ड्राइव्हचा कप्पा असतो, पण मोठी बॅटरी असलेल्या प्रकारात ती बॅटरीच कप्प्याची जागा व्यापते. कप्पा मोकळा असला तरी त्याला मदरबोर्डशी जोडणारी चपटी केबल आणि धरून ठेवणारी चौकट लॅपटॉपसोबत मिळालेली नसू शकते. ती त्या मॉडेलचीच लागते आणि स्वतंत्र मागवावी लागते. कप्प्याची जाडीही पाहावी. अडीच इंची एसएसडी साधारणतः ७ मिलिमीटर जाडीची असते, तर जुने कप्पे ९.५ मिलिमीटरचे असू शकतात, आणि तेव्हा मधली फट भरणारी चौकट हवी.

स्लॉट साटाचा आहे की एनव्हीएमईचा? हा प्रश्न दुकानदारही पुष्कळदा टाळतात. एम.२ हे केवळ आकाराचे नाव आहे. त्या आकारात दोन्ही प्रकारच्या ड्राइव्ह येतात. ड्राइव्ह हातात घेऊन सोनेरी पिनांची कड पाहिली तर बहुतेक साटा ड्राइव्हवर दोन खाचा दिसतात आणि एनव्हीएमई ड्राइव्हवर सहसा एकच. दोन खाचांची साटा ड्राइव्ह एनव्हीएमईसाठी वापरल्या जाणाऱ्या एम-की स्लॉटमध्ये अगदी सहज बसते, स्क्रूही लागतो, पण तो स्लॉट फक्त एनव्हीएमईचा असेल तर ती कधीच ओळखली जात नाही. ‘बसली म्हणजे चालेल’ ही समजूत म्हणूनच धोक्याची आहे.

लांबी किती? २२३०, २२४२, २२८० या आकड्यांतील पहिले दोन अंक मिलिमीटरमधील रुंदी आणि उरलेले लांबी सांगतात. २२४२ साठीच स्क्रूची जागा असलेल्या स्लॉटमध्ये २२८० मावणार नाही. मॅन्युअलमध्ये दोन लांबींचा उल्लेख असेल, तर स्क्रूचा लहान खांब कोणत्या भोकात हलवायचा, हेही तिथेच पाहून ठेवावे.

तो स्लॉट दुसऱ्याच कामाचा तर नाही? वाय-फाय कार्डही एम.२ आकाराचेच असते आणि त्याचा आकार २२३० असू शकतो. त्याला दोन बारीक तारा जोडलेल्या दिसतील. त्या स्लॉटची खाच वेगळ्या जागी असते आणि तिथे एसएसडी चालत नाही. जोर लावून बसवण्याचा प्रयत्न केल्यास कनेक्टर तुटतो.

> तपासणी: कागदावर एका ओळीत ‘एम.२, २२८०, एनव्हीएमई, स्क्रू आहे/नाही’ अशी नोंद पूर्ण होत नसेल, तर खरेदीला निघू नये.

## टप्पा ३: बॅकअप आणि रिकव्हरी की

‘जुन्या ड्राइव्हला हातच लावायचा नाही, मग बॅकअप कशाला?’ असा प्रश्न हमखास विचारला जातो. उत्तर असे की, पुढे डिस्क मॅनेजमेंट या विंडोजच्या साधनात एका चुकीच्या क्लिकने जुन्या ड्राइव्हवरील विभाग पुसला जाऊ शकतो, आणि झाकण उघडताना मदरबोर्डला धक्का बसला तर ड्राइव्ह शाबूत असूनही लॅपटॉप बंद पडू शकतो. शिवाय एसएसडीवरून पुसलेला डेटा परत मिळवणे हार्ड डिस्कपेक्षा पुष्कळ कठीण असते, कारण ट्रिम नावाची सोय पुसलेल्या जागा आतल्या आत मोकळ्या करत राहते.

बॅकअप लॅपटॉपबाहेर घ्यावा, म्हणजे बाह्य हार्ड डिस्कवर किंवा क्लाउडवर. टॅली वापरणाऱ्यांनी कंपन्यांचे बॅकअप टॅलीमधूनच घ्यावेत. द्राक्षांच्या हंगामात निर्यातीची कागदपत्रे किंवा लग्नसराईत न दिलेले फोटो लॅपटॉपवर असतील, तर हे काम तो हंगाम संपेपर्यंत पुढे ढकललेलेच बरे.

दुसरी गोष्ट कूटबद्धतेची. विंडोज ११ असलेल्या अनेक नव्या लॅपटॉपमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन किंवा बिटलॉकर आपोआप सुरू असते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. बायोसमधील, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या मूळ प्रणालीतील, काही बदलांनंतर लॅपटॉप सुरू होताना ४८ अंकी रिकव्हरी की मागतो, आणि ती नसेल तर आतला डेटा कायमचा बंद होतो. सेटिंग्जमधील प्रायव्हसी अँड सिक्युरिटी या भागात एन्क्रिप्शन सुरू आहे का ते पाहावे. असल्यास मायक्रोसॉफ्ट खात्यात जतन झालेली की उघडून कागदावर उतरवून घ्यावी.

> सावधान: रिकव्हरी की त्याच लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर जतन करून ठेवणे म्हणजे ती नसल्यासारखेच आहे.

## टप्पा ४: खरेदी

आता दुकान. नाशिकमधील महात्मा गांधी रस्ता आणि कॅनडा कॉर्नरच्या परिसरात चौकशी केली तर भाव दुकानागणिक थोडे बदलतील, पण भावापेक्षा बिल महत्त्वाचे आहे. बिलावर ड्राइव्हचा पूर्ण मॉडेल क्रमांक आणि अनुक्रमांक लिहून घ्यावा. ‘१ टीबी एसएसडी’ एवढ्याच उल्लेखाचे बिल वॉरंटीच्या वेळी उपयोगाचे नसते.

वेगाच्या आकड्यांनी भुलून जाऊ नये. साटा ड्राइव्ह सेकंदाला सुमारे ५५० मेगाबाइटपर्यंत जाते, तिसऱ्या पिढीची एनव्हीएमई सुमारे ३५०० पर्यंत आणि चौथ्या पिढीची त्याच्याही दुप्पट. परंतु लॅपटॉपचा स्लॉट तिसऱ्या पिढीचा असेल तर चौथ्या पिढीची ड्राइव्ह त्याच्याच वेगाने चालेल. फोटो, हिशेब आणि अभ्यासाच्या फायली ठेवण्यासाठी तिसऱ्या पिढीची ड्राइव्ह पुरते, असे माझे स्पष्ट मत आहे. वाचलेल्या पैशांत क्यूएलसीऐवजी टीएलसी प्रकारच्या, म्हणजे अधिक लेखन सोसणाऱ्या चिपची ड्राइव्ह घ्यावी. ड्राइव्हवर एकूण किती टेराबाइट लिहिता येतील, ही लेखनाची मर्यादा टीबीडब्ल्यू या आकड्याने सांगितली जाते. १ टेराबाइटच्या अनेक टीएलसी ड्राइव्हसाठी ती ६०० असते.

पातळ लॅपटॉपमध्ये जाड अॅल्युमिनियमचे हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारे आवरण) लावलेली ड्राइव्ह घेऊ नये, कारण ती बसवल्यावर झाकण बंद होत नाही. दोन्ही बाजूंना चिप असलेली ड्राइव्हही काही पातळ लॅपटॉपमध्ये अडते. एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो तेव्हा पंखा नसलेल्या बारीक लॅपटॉपमध्ये वेगवान ड्राइव्ह तापून स्वतःचा वेग कमी करते, हेही निवड करताना लक्षात असू द्यावे.

लॅपटॉप वॉरंटीत असेल, तर झाकण उघडल्याने वॉरंटीला बाधा येते का, हे कंपनीच्या सेवा केंद्राला लेखी विचारून घ्यावे. स्लॉटसोबत स्क्रू नसेल, तर एम.२ चा स्क्रू याच फेरीत आणावा. घरातल्या डब्यातला जाड स्क्रू खांबाचे आटे खराब करतो.

## टप्पा ५: मेज आणि हत्यारे

लागणारे सामान थोडेच आहे: चांगल्या टोकाचा लहान फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर, झाकण सोडवण्यासाठी प्लॅस्टिकची पट्टी किंवा गिटारचे पिक, स्क्रू ठेवायला कागद आणि भरपूर उजेड. चाकू किंवा धातूची पट्टी वापरू नये.

हिवाळ्यात निफाडकडे पारा दहा अंशांच्या खाली येतो तेव्हा नाशिकचीही हवा कोरडी होते, आणि स्वेटर काढताना जो चटका बसतो तोच चिपसाठी घातक ठरतो. लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे कपडे घालून, गालिच्यावर बसून हे काम करू नये. लाकडी मेजावर बसावे आणि ड्राइव्हला हात लावण्याआधी उघड्या धातूला, उदाहरणार्थ खिडकीच्या रंग न लावलेल्या गजाला, स्पर्श करावा.

महावितरणने देखभालीसाठी वीज बंद ठेवण्याची वेळ जाहीर केलेली असेल, तर तो दिवस टाळावा. लॅपटॉप उघडताना विजेची गरज नसते, पण नंतरच्या चाचणीत आणि फायली हलवताना असते.

## टप्पा ६: उघडणे आणि बॅटरी सोडवणे

विंडोज नेहमीच्या पद्धतीने बंद केल्यावर फास्ट स्टार्टअपमुळे ती पूर्ण बंद होत नाही. शिफ्ट दाबून धरून शट डाउन करावे, चार्जर काढावा, माउस आणि पेन ड्राइव्हसह सर्व काही वेगळे करावे.

कागदावर लॅपटॉपच्या तळाची आकृती काढून प्रत्येक स्क्रू काढल्याबरोबर त्याच जागी कागदावर ठेवावा. हा बारकावा क्षुल्लक वाटतो, पण बिजागरीजवळचे आणि पुढच्या कडेचे स्क्रू निरनिराळ्या लांबीचे असतात. लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर तो कीबोर्डच्या बाजूने उंचवटा आणतो किंवा आतला बोर्ड दाबतो. काही एचपी लॅपटॉपमध्ये रबरी पट्ट्यांखालीही स्क्रू लपलेले असतात. काही स्क्रू झाकणातून पूर्ण बाहेर येत नाहीत. ते सैल होऊन फिरू लागले की पुरे.

सर्व स्क्रू निघाल्यावर पट्टी बिजागरीजवळच्या फटीत सरकवून हळूहळू कडेने न्यावी. एकामागून एक चाप सुटल्याचा ‘टक्’ असा आवाज येतो. एखाद्या जागी झाकण हलतच नसेल, तर जोर वाढवण्याआधी राहिलेला स्क्रू शोधावा. बहुतेक वेळा तोच असतो.

झाकण निघाल्यावर पहिले काम बॅटरीचा कनेक्टर सोडवण्याचे आहे. तो बॅटरीच्या कडेला, अनेक रंगीत किंवा काळ्या तारांच्या टोकाशी असतो. तारा ओढू नयेत. कनेक्टरच्या दोन्ही कानांना नखाने किंवा प्लॅस्टिकच्या टोकाने आळीपाळीने थोडे थोडे ढकलावे. काही कनेक्टरवर तारेची आडवी कडी असते. ती आधी उलटवावी लागते. त्यानंतर पॉवरचे बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरावे, म्हणजे आत उरलेला विद्युतभार निघून जातो.

> सावधान: बॅटरी जोडलेली असताना स्लॉटमध्ये ड्राइव्ह बसवणे किंवा स्क्रू ड्रायव्हर मदरबोर्डवर निसटणे, या दोन कारणांनी चांगले लॅपटॉप निकामी होतात. बॅटरी फुगलेली दिसली तर काम तिथेच थांबवून आधी ती बदलून घ्यावी.

## टप्पा ७: ड्राइव्ह बसवणे

ड्राइव्ह कडांना धरावी. खाच स्लॉटमधील दांड्याशी जुळवून ती साधारण ३० अंशांच्या तिरप्या कोनात आत सरकवावी. नीट बसल्यावर सोनेरी पिनांची अगदी बारीक रेघ उरते आणि सोडून दिल्यावर ड्राइव्ह तिरपी उभी राहते. ती स्प्रिंगसारखी वर येणे हे योग्य बसल्याचे लक्षण आहे, चुकीचे नव्हे. मग मोकळे टोक बोटाने खाली दाबून स्क्रू लावावा. स्क्रू घट्ट होताच थांबावे. बोटाने दाबल्यावरही टोक खांबापर्यंत खाली येत नसेल, तर खांब चुकीच्या भोकात आहे किंवा ड्राइव्ह अर्धीच आत गेली आहे.

स्लॉटवर उष्णता वाहून नेणारे मऊ पॅड असेल, तर त्यावरचे पातळ प्लॅस्टिक काढावे. ड्राइव्हवरचे लेबल मात्र सोलू नये. तसे केल्यास वॉरंटी नाकारली जाऊ शकते.

अडीच इंची ड्राइव्ह असल्यास ती आधी चौकटीत स्क्रूने बसवावी, मग कनेक्टरमध्ये सरळ रेषेत सरकवावी. चपट्या केबलचा मदरबोर्डाकडील भाग लहान झडपेने धरलेला असतो. झडप उघडून केबल पूर्ण आत घालावी आणि मगच झडप मिटवावी.

## टप्पा ८: झाकण पूर्ण लावण्याआधी बायोसमध्ये पाहणे

बॅटरी पुन्हा जोडावी, झाकण वरवर ठेवून दोन स्क्रू लावावेत आणि चार्जर लावून लॅपटॉप सुरू करावा. पहिल्या वेळी नेहमीपेक्षा जास्त वेळ पडदा काळा राहू शकतो. एचपीमध्ये एफ१०, डेल, एसर आणि आसुसमध्ये एफ२, तर लेनोवोमध्ये बहुधा एफ२ किंवा एफ१ दाबून बायोस उघडते.

तिथे स्टोरेजच्या यादीत दोन्ही ड्राइव्हची नावे दिसली पाहिजेत. दिसल्यास काहीही न बदलता, न जतन करता बाहेर पडावे.

> सावधान: यादीत नवी ड्राइव्ह नसली तरी स्टोरेजचा मोड रेडवरून एएचसीआयवर नेणे किंवा इंटेलचा व्हीएमडी पर्याय बंद करणे, असे प्रयोग करू नयेत. जुन्या ड्राइव्हवरील विंडोज त्या बदलानंतर निळा पडदा दाखवून सुरू व्हायचे नाकारते.

नाव दिसले की लॅपटॉप बंद करून उरलेले स्क्रू लावावेत. न दिसल्यास शेवटचा भाग पाहावा.

## टप्पा ९: विंडोजला ड्राइव्हची ओळख करून देणे

नवी कोरी ड्राइव्ह ‘धिस पीसी’मध्ये आपोआप दिसत नाही. ती खराब आहे असे समजून परत नेणाऱ्यांची चूक नेमकी इथे होते.

स्टार्टच्या बटणावर उजवे क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडावे. ‘इनिशियलाइझ डिस्क’ अशी खिडकी आल्यावर जीपीटी निवडावे. एमबीआर हा जुना प्रकार २ टेराबाइटपर्यंतच चालतो. त्यानंतर खालच्या बाजूला काळ्या पट्टीची, ‘अनअलोकेटेड’ लिहिलेली डिस्क दिसेल. तिच्यावर उजवे क्लिक करून ‘न्यू सिंपल व्हॉल्यूम’ निवडावे, एनटीएफएस ठेवावे, बाकीचे आकडे आहेत तसेच राहू द्यावेत आणि व्हॉल्यूमला ‘कामाच्या फायली’ असे ओळखता येणारे नाव द्यावे.

> सावधान: क्लिक करण्याआधी डिस्कचा आकार पुन्हा वाचावा. निळ्या पट्ट्यांवर विभाग लिहिलेली डिस्क जुनी आहे. तिच्यावर ‘डिलीट व्हॉल्यूम’ कधीही निवडू नये.

१ टेराबाइटची ड्राइव्ह विंडोजमध्ये सुमारे ९३१ जीबीची आणि ५०० जीबीची सुमारे ४६५ जीबीची दिसते. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या, म्हणून हा फरक पडतो. दुकानदाराने फसवलेले नसते.

## टप्पा १०: डेटा ठेवण्याआधी चाचणी

क्रिस्टलडिस्कइन्फो हे विनामूल्य साधन उघडून ड्राइव्हचे चालू तास पाहावेत. नवी म्हणून घेतलेल्या ड्राइव्हवर शेकडो तास दिसत असतील, तर ती वापरलेली आहे. नामांकित नसलेली किंवा संशयास्पद स्वस्त ड्राइव्ह असेल, तर एच२टेस्टडब्ल्यू या साधनाने ती एकदा संपूर्ण भरून तपासावी. बनावट ड्राइव्हची खरी क्षमता तिथे उघडी पडते. ही चाचणी एकदाच करावी, कारण प्रत्येक वेळी संपूर्ण क्षमतेएवढे लेखन होते.

## टप्पा ११: फायली हलवणे

कट-पेस्ट करू नये. कॉपी करावी, दोन्हीकडच्या फोल्डरच्या प्रॉपर्टीजमधील फायलींची संख्या आणि आकार ताडून पाहावा, आठ-पंधरा दिवस नव्या जागेवरून काम करावे आणि मगच जुने पुसावे.

डाउनलोड्स, पिक्चर्स यांसारखे फोल्डर कायमचे हलवायचे असतील, तर फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये लोकेशनचा भाग असतो. तिथे आधी तयार केलेला स्वतंत्र फोल्डर दाखवावा, उदाहरणार्थ नव्या ड्राइव्हमधील ‘पिक्चर्स’. थेट ड्राइव्हचे मूळ ठिकाण दाखवल्यास संपूर्ण ड्राइव्हच पिक्चर्स फोल्डर म्हणून धरली जाते आणि ते निस्तरणे कटकटीचे असते. वनड्राइव्ह त्या फोल्डरचा बॅकअप घेत असेल, तर तो आधी थांबवावा.

प्रोग्राम फाइल्समधील फोल्डर उचलून नव्या ड्राइव्हवर टाकल्याने सॉफ्टवेअर हलत नाही. ते काढून पुन्हा बसवावे लागते. टॅलीचा डेटा हलवल्यावर टॅलीमध्ये डेटाचा नवा मार्ग दाखवावा लागतो, अन्यथा कंपन्यांची यादी रिकामी दिसते आणि हिशेबनिसाच्या तोंडचे पाणी पळते.

## विंडोजच नव्या ड्राइव्हवर न्यायची असेल तर

नव्याने इन्स्टॉल करत असल्यास त्या वेळेपुरती जुनी ड्राइव्ह काढून ठेवावी, किंवा तशी सोय असल्यास बायोसमधून बंद करावी. ती जोडलेली राहिली तर विंडोज नव्या ड्राइव्हवर जाते, पण सुरू करणाऱ्या फायली जुन्या ड्राइव्हच्या ईएफआय विभागात लिहिल्या जाऊ शकतात. सहा महिन्यांनी जुनी ड्राइव्ह काढली की लॅपटॉप सुरूच होत नाही आणि कारण कुणाच्या ध्यानात येत नाही. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपमध्ये इन्स्टॉल करताना ड्राइव्ह दिसत नाही; त्यासाठी लॅपटॉपच्या कंपनीकडून इंटेल आरएसटीचा ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर घेऊन ‘लोड ड्रायव्हर’ने द्यावा. क्लोन, म्हणजे जुन्या ड्राइव्हची हुबेहूब प्रत, केला असेल, तर लॅपटॉप नव्या ड्राइव्हवरून सुरू होतो याची खात्री झाल्याशिवाय जुनी ड्राइव्ह फॉरमॅट करू नये.

## बायोसमध्येच ड्राइव्ह दिसत नसेल तर

बॅटरी पुन्हा सोडवून ड्राइव्ह काढावी, पिनांवर धूळ नाही ना ते पाहून ती परत पूर्ण आत बसवावी. तरीही दिसत नसेल, तर टप्पा २ मधील नोंद ड्राइव्हच्या खाचांशी ताडून पाहावी, कारण साटा आणि एनव्हीएमईची गल्लत हेच नेहमीचे कारण असते. ती जुळत असेल, तर बायोसची नवी आवृत्ती उपलब्ध आहे का ते कंपनीच्या संकेतस्थळावर पाहावे, मात्र बायोस अद्ययावत करण्याआधी बिटलॉकर तात्पुरते स्थगित करावे आणि चार्जर लावून ठेवावा. शेवटी ड्राइव्ह त्याच प्रकारचा स्लॉट असलेल्या दुसऱ्या लॅपटॉपमध्ये किंवा त्या प्रकारच्या यूएसबी एन्क्लोजरमध्ये लावून पाहावी. तिथेही ती ओळखली गेली नाही, तर अनुक्रमांक असलेले बिल घेऊन ती दुकानातून बदलून घ्यावी. तिथे ओळखली गेली, तर दोष बहुधा स्लॉटचा आहे आणि पुढचे काम बोर्ड दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञाचे आहे.